सिंहराजातला भारद्वाज हिरव्या चोचीचा आहे का?

श्रीलंकेतल्या सिंहराजा जंगलात काढलेल्या तुमच्या फोटोतला पक्षी आपल्याकडे परसात दिसतो तोच भारद्वाज आहे, केवळ श्रीलंकेतच आढळणारा हिरव्या चोचीचा भारद्वाज नव्हे. चोच पांढरट दिसल्याने शंका येणं रास्त आहे, पण काळ्या चोचीवर तिरपा उजेड चमकला की ती फोटोत फिकट येते. म्हणून आधी पंख बघा. आपल्या भारद्वाजाचे पंख झगझगीत विटकरी. हिरव्या चोचीच्या भारद्वाजाचे गडद, मळकट तपकिरी. त्याची चोच खरोखर फिकट हिरवी, जवळजवळ हस्तिदंती असते आणि अंधाऱ्या झाडीत तीच आधी नजरेत भरते. तो थोडा लहान, सुमारे ४३ सेंमी असतो, पण एकट्या पक्ष्याच्या मापावर विसंबू नका.

दुसरं म्हणजे जागा. तुमचा पक्षी उघड्या गवतावर चालतोय. हिरव्या चोचीचा सहसा तसा येत नाही. नैऋत्येकडच्या पावसाळी जंगलात, बारीक बांबूच्या जाळीत आणि वेलींच्या गुंत्यात दडून राहतो. चहा-रबराच्या लागवडीसाठी सखल भागातलं हेच जंगल तुटत गेलं, म्हणून तो आज संकटग्रस्त यादीत आहे.

पुन्हा जाल तेव्हा जानेवारी ते मार्च निवडा, पाऊस कमी असतो. सिंहराजात वनखात्याचं तिकीट आणि वाटाड्या लागतोच. मुक्काम कुडावासारख्या जंगलालगतच्या गावात करा, कारण उजाडतानाचा पहिला तास हुकला की पक्षी जाळीत गेलाच म्हणायचं. कितुलगळाला केळणी नदीपलीकडचं जंगल आणि इंगिरियाजवळचं बोधिनागळा याही चांगल्या जागा.

शोध कानांनी घ्या. आपल्या भारद्वाजाची ‘कूप कूप कूप’ अशी लांब माळ लागते. याची हाक मोजक्या स्वरांची, जास्त खर्जातली, घुमणारी. ती ऐकू आली की तिच्या दिशेने झाडीत शिरू नका, पक्षी जमिनीलगत मुकाट सरकून जातो. पायवाटेवरच थांबा आणि जाळीतली एखादी फट कॅमेऱ्यात धरून ठेवा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० च्या आसपास आणि मॅन्युअल फोकस ठेवा. ऑटोफोकस पुढच्या काडीवरच अडकतो. जळवांपासून वाचवणारे मोजे घाला, नाहीतर स्थिर उभं राहता येत नाही.

मोबाइलवर हाक वाजवू नका. कोकिळेच्या कुळातला असला तरी हा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी टाकत नाही. झुडपात स्वतः घरटं बांधून पिल्लं वाढवतो, आणि खोट्या हाकेमागे धावताना ते घरटं उघडं पडतं.