पहिला कस्टम कीबोर्ड: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: कस्टम कीबोर्डसाठी बारा हजार बाजूला काढलेत. केस, प्लेट, पीसीबी, स्विच, कीकॅप सगळं सुटं सुटं दिसतं. कशावर किती घालायचे? काम मुख्यतः कोडिंगचं. (नाशिक)

उत्तर: 'किट' किंवा 'बेअरबोन' म्हणून जे विकलं जातं त्यात सहसा केस (बाहेरचं खोकं), पीसीबी (सर्किट बोर्ड), प्लेट (स्विच धरून ठेवणारी पट्टी), स्टॅबिलायझर (रुंद बटणांखालची तार) आणि केबल असते. स्विच (बटण दाबल्यावर हलणारा भाग) आणि कीकॅप (त्यावरचं अक्षराचं टोपण) वेगळे घ्यावे लागतात. तेवढी ओळ न वाचता ऑर्डर केली, तर हाती नुसता सांगाडा येतो.

आधी आकार ठरवा, रंग नंतर. कोडिंगमध्ये डीबग करताना एफ-५, एफ-१० सारखे लागतात. आकार पूर्ण कीबोर्डच्या टक्क्यांत सांगतात. ६५ टक्के कीबोर्डवर ६७-६८ बटणं असतात आणि एफची रांगच नसते. ७५ टक्केवर ८१ ते ८४ बटणं बसतात, एफची रांग आणि बाणही मिळतात. तुम्ही ७५ टक्केच घ्या.

बारा हजारांतले सहाएक हजार किटला ठेवा. साधारण २५-३० रुपयांचे ९० स्विच घ्या. मोजून ८४ घेऊ नका, बसवताना एखाददुसरा वाकतोच. अडीच-तीन हजार पीबीटी या प्लास्टिकच्या कीकॅपना. किमती दुकानागणिक हलतील, पण हे प्रमाण मोडू नका. कीकॅपच्या मोहात किट स्वस्तातलं घेतलं, तर वर्षभर खडखडाट ऐकत बसावं लागतं.

पहिला कीबोर्ड हॉटस्वॅपच हवा. त्यात स्विच सॉकेटमध्ये नुसता दाबून बसतो, डाग द्यावा (सोल्डर करावा) लागत नाही आणि नाही आवडला तर काढून दुसरा लावता येतो. मात्र बोर्ड तीन पिनचे आणि पाच पिनचे, दोन्ही स्विच घेतो का, ते पाहा. तीन पिन म्हणजे धातूच्या दोन पिना आणि मधला प्लास्टिकचा खुंट; पाच पिनवाल्या स्विचला त्याशिवाय प्लास्टिकचे दोन जादा पाय असतात. बोर्ड तीन पिनचा असेल तर ते नेलकटरने कापले तरी चालतं. काही स्वस्त बोर्डांची सॉकेटं फक्त आउटेमू कंपनीच्या स्विचच्या बारीक पिनांसाठी असतात, त्यात गेटेरॉन किंवा चेरी कंपनीचे स्विच शिरत नाहीत. ऑप्टिकल (प्रकाशावर चालणारे) किंवा हॉल इफेक्ट (चुंबकावर चालणारे) स्विच साध्या सॉकेटमध्ये चालत नाहीत, दिसायला कितीही सारखे असले तरी.

फसगत होते ती कीकॅपमध्ये. एका साध्या बटणाची रुंदी १ यू, म्हणजे १९.०५ मिलिमीटर. नेहमीच्या १०४ बटणांच्या कीबोर्डवर उजवा शिफ्ट २.७५ यू आणि ऑल्ट-कंट्रोल १.२५ यू असतात. ७५ टक्केवर उजव्या शिफ्टला १.७५ यूच जागा उरते आणि त्याच्या बाजूचे ऑल्ट-कंट्रोल बहुधा १ यूचे असतात. सेटच्या फोटोत ही मापं मोजून बघा. नाहीतर सगळे कीकॅप बसतात आणि नेमका शिफ्ट उघडा राहतो.

प्रश्न: लाल, तपकिरी, निळा यांतला कोणता स्विच? घरात लहान बाळ आहे. (कोल्हापूर)

उत्तर: निळा नको. त्याचा टकटक आवाज बंद दारातूनही ऐकू येतो. लाल म्हणजे लिनिअर, सरळ खाली जाणारा. चेरीच्या लाल स्विचला ४५ सेंटिन्यूटन जोर लागतो, २ मिलिमीटरवर अक्षर उमटतं आणि तळ ४ मिलिमीटरवर. तपकिरी टॅक्टाइल, म्हणजे वाटेत बोटाला हलकासा उंचवटा लागतो. तुम्ही 'सायलेंट' लिनिअर बघा. त्याच्या दांड्याला रबराची गादी असते, त्यामुळे तळाचा आणि परतीचा, दोन्ही आवाज दबतात. स्पर्श थोडा मऊ वाटतो, तेवढं गृहीत धरा. आधी दहा स्विच मागवून बोटाखाली घालून पाहा, मग उरलेले.

प्रश्न: मी दिवसभर इनस्क्रिप्टमध्ये मराठी टाइप करते. असल्या कीबोर्डवर मराठी चालेल का? देवनागरी अक्षरं छापलेले कीकॅप लागतील का? (सातारा)

उत्तर: चालेल. कीबोर्ड फक्त 'अमुक जागेचं बटण दाबलं' एवढंच कळवतो, 'क' की 'k' हे विंडोज ठरवतं. बोटं सरावलेली असली तर छापील अक्षरांची गरज पडत नाही.

पण आकाराच्या बाबतीत तुम्ही इंग्रजीवाल्यांपेक्षा जास्त काटेकोर राहा. इनस्क्रिप्टमध्ये 'ॉ' बॅकस्लॅशच्या बटणावर आहे. ते बटण आडवं-तिडवं हलवलेलं असेल तर 'डॉक्टर', 'कॉलेज' लिहिताना दरवेळी बोट चुकेल. विंडोजच्या मराठी मांडणीत 'ॅ' शिफ्ट-२ वर, 'ज्ञ' शिफ्ट-५ वर आणि 'क्ष' शिफ्ट-७ वर आहे. म्हणून आकड्यांची रांग नसलेले ४० टक्के कीबोर्ड तुमच्यासाठी बाद. शिवाय 'अ', 'ख', 'ळ', 'ऱ' सगळे शिफ्ट धरून येतात. डावा शिफ्ट पूर्ण २.२५ यूचा आणि मऊ चालणारा हवा.

घेताना व्हाया हे बटणांची कामं बदलायचं सॉफ्टवेअर चालणारा बोर्ड निवडा. त्यात एखाद्या मोकळ्या बटणावर 'एनी' निवडून एलजीयूआय(केसी_एसपीसी) असा कोड रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत घाला. ते एक बटण विंडोज-स्पेसचं काम करतं, म्हणजे मराठी-इंग्रजी अदलाबदल एका बोटात. ही नेमणूक कीबोर्डच्याच स्मृतीत राहते, त्यामुळे ऑफिसच्या संगणकालाही तशीच लागू पडते. दिवसभर दोन भाषांत काम करणाऱ्याला कस्टम कीबोर्डचा सगळ्यात मोठा फायदा आमच्या मते हाच.

प्रश्न: स्विच बसवले, पण चार बटणं चालतच नाहीत आणि 'ई' दोनदा उमटतो. बोर्ड खराब आला का? (पुणे)

उत्तर: बहुतेक नाही. न चालणाऱ्या बटणाचा स्विच पुलरने (स्विच उपसायच्या चिमट्याने) सरळ वर ओढून काढा आणि उलटा करून उजेडात धरा. तांबूस रंगाच्या दोन पातळ पिना दिसतील. त्यांतली एक दुमडून बुडाशी चपटी चिकटलेली असेल. स्विच तिरका धरून दाबला की असंच होतं, कारण पिन सॉकेटच्या भोकात न जाता पीसीबीवर आपटते. चिमट्याने हळूच सरळ करा. एकदोनदा सरळ होते, पुढे तुटते.

परत बसवताना दोन्ही पिना भोकांसमोर आल्या का ते पाहा, स्विच अगदी उभा धरा आणि दुसऱ्या हाताचं बोट पीसीबीच्या मागून त्याच सॉकेटखाली टेकवा. हा आधार नसेल तर जोर सॉकेटवर येतो, ते पीसीबीपासून सुटतं आणि सोबत तांब्याचा ठसाही उखडतो. मग डाग देणाऱ्याकडेच जावं लागतं.

पिना सरळ असूनही बटण मुकंच राहिलं, तर रिकाम्या सॉकेटच्या दोन्ही भोकांत धातूचा चिमटा एकाच वेळी टेकवा. अक्षर उमटलं तर सॉकेट ठीक, दोष स्विचचा. अख्खी उभी किंवा आडवी रांग मेली असेल तर मात्र दोष पीसीबीचा आहे. काही उघडू नका, दुकानाला परत करा. ही चिमट्याची तपासणी खरं तर किट हाती आल्याच दिवशी, एकही स्विच लावण्याआधी करायची असते.

'ई'चा स्विच शेजारच्या बटणाशी बदलून बघा. खोड त्याच्याबरोबर गेली तर तो फेकून जादा आणलेल्यांतला लावा. खोड जागेवरच राहिली तर सॉकेट सैल आहे.

प्रश्न: बाकी बटणं छान वाजतात, पण स्पेसबार आणि एंटर पत्र्यासारखे वाजतात. (ठाणे)

उत्तर: हे स्टॅबिलायझर. रुंद बटण एका कडेला दाबलं तरी सपाट खाली जावं म्हणून दोन्ही टोकांना जोडणारी तार असते. ती आपल्या प्लास्टिकच्या घरात सैल पडली की टिकटिकते. कीकॅप काढून एकेक टोक बोटाने दाबा, कुठलं बोलतं ते लगेच कळेल.

सोपा उपाय आधी. डायइलेक्ट्रिक ग्रीस एक मिलिच्या सिरिंजमध्ये भरा, बोथट सुई लावा आणि तारेचं टोक जिथे आत शिरतं तिथे तांदळाच्या दाण्याएवढं सोडा. बटण वीसेक वेळा दाबा. जास्त झालं तर बटण वर यायला आळस करतं. तेव्हा कापसाच्या काडीने टिपून घ्या.

तरी थांबलं नाही तर तार वाकडी आहे. स्टॅबिलायझर काढा, तार मोकळी करा आणि काचेवर ठेवा. एक टोक दाबल्यावर दुसरं वर उचललं, तर तेवढंच उलट दिशेला हाताने वाकवा. दोन्ही टोकं काचेला टेकली की परत बसवा. स्पेसबारच्या लांब तारेला हा दोष जास्त दिसतो.

स्विचना मात्र वंगण लावायची घाई नको. हल्ली बरेच स्विच कारखान्यातूनच वंगण लावून येतात. ९० स्विच उघडून क्रायटॉक्स २०५जी० या वंगणाचा पातळ थर ब्रशने द्यायला दोन-तीन संध्याकाळी जातात. टॅक्टाइल स्विचच्या दांड्याच्या पायांना चुकून वंगण लागलं, तर ज्यासाठी पैसे मोजले तो उंचवटाच बोथट होतो.

प्रश्न: ग्रुप बायमध्ये आवडता सेट दिसतोय. पैसे भरू का? (पणजी)

उत्तर: पहिल्या कीबोर्डसाठी नको. ग्रुप बायमध्ये पैसे आधी भरायचे आणि माल नंतर बनतो. कित्येक महिने जातात, कधी वर्षही उलटतं. परदेशातून आला तर कस्टम्स ड्युटी, आयजीएसटी आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क दारात मोजावं लागतं. भारतातल्या दुकानात आज तयार असलेला सेट घ्या. त्यात एखादा कीकॅप कमी निघाला तर आठवड्याभरात बदलून मागता येतो.