बाणाईच्या नाटकाला बारा रकाने कशाला?

तुमची पोस्ट वाचली आणि बाकीच्यांच्या प्रतिक्रिया न वाचताच लिहायला बसलो. खंडोबा-बाणाईवर दोन अंकी नाटक लिहिलंत, आणि निवड करणाऱ्या मंडळींनी ते परत पाठवलं. शेरा असा की 'नायकाचा प्रवास' (कथेचा बारा टप्प्यांचा ठरलेला साचा) बसत नाही, मार्गदर्शक पात्र सापडत नाही, देव बाणाईला घेऊन जेजुरीला परततो तिथेच गोष्ट संपते, मग दुसरा अंक कशासाठी? आता तुम्ही विचारताय, दुसरा अंक उडवू का. माझ्या मते अजिबात नाही. का, ते सांगतो, पण लांबण लागेल.

मी लोकदैवतांचा अभ्यासक नाही, हौशी रंगभूमीवर लिहिणारा माणूस आहे, तेव्हा पटेल तेवढंच घ्या. त्या साच्यातल्या टप्प्यांची उजळणी करत नाही, ती तुम्हाला पाठ असणार.

तुमचा शेरा वाचून माझं कर्णावरचं नाटक आठवलं. एका संस्थेच्या संहिता-विकास योजनेत ते निवडलं गेलं होतं. (नाव सांगणार नाही, खासगी निरोप पाठवून विचारू नका.) त्यांचा एक फॉर्म होता, बारा रकान्यांचा, टप्प्यामागे एक रकाना. संहिता वाचायच्या आधी रकाने भरून द्यायचे. माझं सगळं नाटक उद्योगपर्वातल्या एका संभाषणावर उभं होतं. कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि सांगतो, तू कुंतीचा थोरला मुलगा आहेस, चल माझ्याबरोबर. युधिष्ठिर तुझ्यावर चवरी ढाळेल, भीम छत्र धरेल, अर्जुन तुझा रथ हाकेल. कर्ण सगळं ऐकून घेतो आणि नाही म्हणतो. वर विनंती करतो की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. त्याला कळलं तर तो राज्य मला देईल, आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन.

आता हे रकान्यात कुठे बसवणार? तिसऱ्यात, 'हाकेला नकार'. चौथ्यात मार्गदर्शक भेटतो, पाचव्यात नायक उंबरठा ओलांडतो. माझे बाकीचे रकाने कोरे. वाचन करणाऱ्या बाईंनी लाल पेनाने लिहिलं होतं, "नकार समजला. स्वीकार कधी?" मी विचारलं, म्हणजे कर्णाने पांडवांकडे जायचं का? "तसं नाही हो, भावनिक पातळीवर." भावनिक पातळीवर म्हणजे काय, ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. बैठकीला दर वेळी नवा माणूस यायचा, आधीच्याने मान्य केलेलं त्याला ठाऊक नसायचं, आणि चर्चा पुन्हा तिसऱ्या रकान्यापासून सुरू. या खेळात नाट्यगृहाची तारीख गेली आणि कर्ण करणारा पोरगा मालिकेत गेला. शेवटी पत्र आलं की नायक 'निष्क्रिय' आहे. राज्य, सख्खे भाऊ आणि जीव, तिन्हीवर पाणी सोडणारा माणूस निष्क्रिय! असो. अजून डोकं तापतं.

मुद्दा असा की हा फॉर्म आला कुठून ते बघा. पुराणकथांचा अमेरिकन अभ्यासक जोसेफ कॅम्पबेलने 1949 मध्ये जगभरच्या पुराणकथा शेजारी शेजारी ठेवून प्रस्थान, दीक्षा आणि परत येणं अशा तीन भागांत 17 टप्पे मांडले. तो तयार कथा वाचत होता. कथा कशा लिहाव्यात, हा त्याचा विषयच नव्हता. परत यायला नकार देणारा नायकही त्याच्या मांडणीत आहे, हे फॉर्मवाले विसरतात. 1985 च्या सुमारास डिस्नेत संहिता वाचण्याचं काम करणाऱ्या ख्रिस्तोफर व्होगलरने त्यावरून सात पानांचं एक टिपण काढलं. टप्पे बारा झाले, आणि पुढे त्याचं पुस्तक झालं. हॉलिवुडच्या स्टुडिओत ढिगाने येणाऱ्या पटकथा चाळायला ते टिपण उपयोगी असेलही. पण तेच नाटक जोखायचं माप म्हणून आपल्याकडे आलं, आणि मग धनगराच्या गाण्यातल्या देवालाही ते लागू झालं.

गंमत म्हणजे कर्ण या पाश्चात्त्य याद्यांमध्ये फार आधीपासून आहे. मनोविश्लेषक ऑटो रँकने 1909 मध्ये वीरांच्या जन्मकथांवर लिहिलं, त्यात अक्कडचा राजा सार्गोन आणि मोझेसच्या शेजारी कर्ण आहे. कारण एकच, नदीत सोडलेली पेटी. तेवढं जुळलं की त्याचं काम झालं. पुढे कर्ण काय म्हणाला, हा त्याचा प्रश्न नव्हता.

आता तुमचं नाटक. खंडोबाच्या दोन गोष्टी आहेत आणि मला वाटतं त्या मंडळींनी पहिलीच्या मापाने दुसरी मोजली. पहिली मणी आणि मल्ल या दैत्यांची. ऋषींना त्रास, देवाला साकडं, मार्तंडाचा म्हणजे खंडोबाचा अवतार, सहा दिवसांची लढाई, चंपाषष्ठीला विजय. ही बारा रकान्यांत आरामात बसते. तीही पूर्ण नाहीच म्हणा. मल्ल गेला, पण मणी शरण आला आणि त्याला देवाजवळ जागा मिळाली. दैत्याचाच सेवेकरी झाला, हे 'शत्रू'च्या रकान्यात कसं लिहिणार?

दुसरी गोष्ट बाणाईची. ती पोथीपेक्षा जास्त जागरणात, वाघ्या-मुरळीच्या आणि धनगरांच्या तोंडी भेटते. देव पहिल्या बायकोशी, म्हाळसेशी, सारीपाट हरतो, बारा वर्षं घर सोडतो आणि चंदनपुरीला वेष पालटून धनगरांकडे चाकरीला राहतो. मेंढरं मारतो, बाणाईशी लग्न लावून द्यायच्या अटीवर भंडारा टाकून पुन्हा उठवतो. मग तिला घेऊन जेजुरीला येतो. फॉर्मप्रमाणे हा बारावा टप्पा, नायक काहीतरी मौल्यवान घेऊन घरी परतला, पडदा. पण खरं नाटक तिथे सुरू होतं! दारात म्हाळसा उभी आहे. जागरणाला रात्रभर बसून बघा, लोक पेंगायचे थांबतात ते सवतींच्या भांडणाला. नेवाशाच्या वाण्याची लेक एकीकडे, मेंढरांमागे फिरणारी दुसरीकडे. जात, पैसा, आधी कोण आली, सगळं त्यात निघतं. तुमचा दुसरा अंक तोच आहे. तो उडवला तर उरते ती लग्नाची गोष्ट.

आणि त्याचा शेवट जेजुरीत दगडात बांधलेला आहे. म्हाळसा वर गडावर देवाशेजारी, बाणाईचं देऊळ डोंगर चढताना अर्ध्या वाटेवर. भांडण मिटलं नाही, त्याची वाटणी झाली. नेपथ्य करणाऱ्याला सांगा, पायऱ्याच मांडा आणि तीन उंचींवर तीन पात्रं उभी करा.

पात्रांच्या साच्यांबद्दलही थोडं. म्हाळसेला 'उंबरठ्यावरची राखणदार' करा आणि देवाच्या हेगडी प्रधानाला मार्गदर्शक, ही तुम्हाला मिळालेली सूचना मला तरी पटत नाही. (माझं वैयक्तिक मत.) म्हाळसेला अडथळा केलंत की ती फक्त किंचाळेल. तिची बाजू खरी आहे, घर तिचं आहे. लोककथांचा रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉपने 1928 मध्ये रशियन परीकथांवरून 31 कार्यं आणि सात भूमिका दाखवल्या, त्यात एक गोष्ट कामाची आहे. भूमिका म्हणजे माणूस नव्हे. एकाच माणसाकडे दोन-तीन भूमिका येऊ शकतात, एक भूमिका दोघांत वाटली जाऊ शकते. पहिल्या अंकात देवाला घराबाहेर काढणारी म्हाळसा, म्हणजे त्याला बाणाईपर्यंत पोचवणारीही तीच. हे तिला दुसऱ्या अंकात कुणीतरी ऐकवा. जबरदस्त प्रवेश होईल.

कुणीतरी आता सांगेलच की परदेशी साचा टाका, आपला भरतमुनी घ्या. त्याच्या नाट्यशास्त्रातल्या कथानकाच्या पाच अवस्था, आरंभापासून फळ हाती येईपर्यंतच्या: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति, फलागम. घ्या जरूर, वाचून डोकं साफ होतं. पण रकाने भरायला घेतलेत तर तेच होईल. फळ हाती येणं हाच शेवट धरला तर कर्ण तिथेही बसत नाही. संस्कृत नाटककार भासाने काय केलं बघा. कवचकुंडलं मागायचा प्रसंग वनपर्वातला, युद्धाच्या कितीतरी आधीचा. 'कर्णभारा'त त्याने तो उचलून थेट रणांगणाच्या वाटेवर आणला. कर्ण आपल्या सारथ्याला, शल्याला सांगतो, अर्जुन आहे तिथे रथ ने. मधे ब्राह्मण येतो, कवचकुंडलं जातात, आणि कर्ण पुन्हा तेच सांगतो, अर्जुन आहे तिथे रथ ने. संपलं. युद्ध नाही, मरण नाही, फळ तर नाहीच. पण त्या दोन सारख्या वाक्यांच्या मधे माणूस उघडा पडलाय. प्रसंग हलवायला घाबरू नका, एवढंच त्यातून घ्यायचं.

फॉर्म भरावाच लागला तर संहिता पूर्ण झाल्यावर भरा आणि वेगळ्या कागदावर भरा. त्यांना हवं ते त्यांच्या भाषेत द्या, संहितेला हात लावू नका. लोकदैवतांचे अभ्यासक रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोंथायमर यांचं खंडोबावरचं काम वाचलं नसेल तर आधी ते वाचा, नाट्यलेखनाच्या कार्यशाळांचे पैसे वाचतील.

आणि जाहीर प्रयोग करणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल. विषय देवाचा आहे, सवतींच्या संवादांवर प्रश्न येऊ शकतात. तालमी सुरू करायच्या आधीच अर्ज टाका. कुठलं गाणं कोणत्या वाघ्याकडून मिळालं याची टिपणं जवळ ठेवा, आणि त्यांचं नाव व मानधन दोन्ही द्या. हे दुसरं बरेच जण विसरतात.