मुलीच्या शाळेत लैंगिक शिक्षणाचे तास होणार आहेत. संमतीपत्रावर सही करावी का?

आपली मुलगी गावी आजीकडे राहून आठवीत शिकते, शाळेने लैंगिक शिक्षणाच्या तासांसाठी पालकांची लेखी संमती मागितली आहे, गावातील पालकसभेत त्याला विरोध झाला आणि आपण मुंबईत नोकरीला असल्यामुळे फोनवरूनच काय ते ठरवायचे आहे, असे आपण लिहिले आहे. नको ते कळले तर मुले नको त्या वाटेला लागतील, ही सभेतील भीती आपल्यालाही थोडी पटली आहे, असे प्रश्नावरून दिसते. मी रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडील किनाऱ्यावरच्या एका उपकेंद्रात २९ वर्षे आरोग्य सेविका होते. माझे उत्तर असे की सही जरूर करावी, मात्र त्याआधी शाळेला काही गोष्टी विचाराव्यात.

हे मत माझे पहिल्यापासून नव्हते. २०१६ च्या सुमारास (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते) नववीतील एका मुलीला तिची आई पोटात गोळा येतो म्हणून माझ्याकडे घेऊन आली. महिनाभर ओवा, हिंग, काढे असे सगळे घरचे उपाय करून झाले होते. मी पोटाला हात लावला तेव्हा पाचवा महिना उलटून गेल्याचे कळले. पाळी कधी चुकली असे विचारल्यावर मुलगी म्हणाली, “तुम्हीच सांगितलं होतं ना, रक्त कमी असलं की पाळी मागेपुढे होते. म्हणून मी गोळ्या खात होते.” ते मी सांगितले होते हे खरे आहे. आठवड्याला द्यायच्या लोहाच्या निळ्या गोळ्यांच्या निमित्ताने मी शाळेत जात असे आणि रक्तक्षय, पॅड, स्वच्छता एवढ्यावर बोलून परत येत असे. त्यापलीकडचे काही नको, असे शाळेतून सांगितले गेले होते आणि मलाही ते सोयीचे वाटले होते. पाळी चुकण्याचे दुसरे कारण मी त्या वर्गात कधी उच्चारलेच नव्हते.

तिला त्रास देणारा माणूस घरात नित्य येणारा-जाणारा नातेवाईक होता. तो जे करत होता ते सांगायला तिच्यापाशी शब्द नव्हता. आपल्याकडे पाळीला ‘कावळा शिवला’ म्हणतात, गर्भ राहिला की ‘दिवस गेले’ म्हणतात आणि या दोहोंच्या मधल्या गोष्टीला मुलांच्या कानावर पडलेला शब्द म्हणजे फक्त शिवी. आईपुढे शिवी कशी उच्चारायची म्हणून ती मुलगी पाच महिने गप्प राहिली. त्या वेळी गर्भपाताची कायदेशीर मर्यादा साधारणपणे २० आठवड्यांची होती, ती उलटून गेली होती आणि न्यायालयात जाण्याची घरच्यांची तयारी नव्हती. मूल जन्मले. मुलगी पुन्हा शाळेत गेली नाही.

गर्भपाताच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलींसाठी ही मर्यादा २४ आठवड्यांपर्यंत वाढली आहे. २० आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचे मत लागते आणि मुलगी १८ वर्षांखालील असल्यास पालकांची लेखी संमती लागते. पॉक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यामुळे असे प्रकरण पोलिसांना कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे आणि या भीतीनेच अनेक घरे सरकारी दवाखाना टाळून भलत्या माणसाकडे जातात. वास्तविक मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी कळवताना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. परंतु यातले काहीही उपयोगी पडायचे तर मुलीने वेळेवर बोलले पाहिजे, आणि वेळेवर बोलायचे तर आपल्या शरीरात काय होते आहे हे तिला आधी समजले पाहिजे.

आता आपल्या भीतीविषयी. शिकवल्यामुळे मुले लवकर त्या वाटेला लागतात का, हा प्रश्न जगभर अनेकदा तपासला गेला आहे. युनेस्कोने २०१८ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत त्या अभ्यासांचा आढावा आहे आणि असे शिक्षण मिळाल्याने मुलांमधील लैंगिक संबंध वाढत नाहीत, असाच त्याचा निष्कर्ष आहे. इंग्लंडमध्ये १९९९ मध्ये सरकारने शाळेतील शिक्षण आणि तरुणांसाठी सहज पोहोचता येईल अशी आरोग्यसेवा यांची सांगड घालून कार्यक्रम आखला आणि पुढच्या साधारण पंधरा वर्षांत १८ वर्षांखालील मुलींमधील गर्भधारणेचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. यातला सांगड हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण एका तासाच्या व्याख्यानाने काहीही साधत नाही. बाहेरून पाहुणा आला, चित्रे दाखवली, मागच्या बाकावरचे मुलगे हसले आणि घंटा झाली, असा कार्यक्रम होणार असेल तर त्याला विरोध करणाऱ्या पालकांशी मी सहमत आहे.

पालकसभेत बहुधा न निघालेला आणखी एक मुद्दा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या आणि २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. म्हणजे किशोरवयीन गर्भधारणेचा मोठा भाग लग्न लावून दिलेल्या मुलींचा आहे, मोबाइल बघून बिघडलेल्या मुलींचा नव्हे. कोकणात मराठवाड्याइतके बालविवाह होत नाहीत, हे खरे असले तरी वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामाला जाणारी कुटुंबे वयात आलेल्या मुलीला झोपडीत एकटी कशी ठेवायची या काळजीने तिचे लग्न उरकून टाकतात, हे मी रायगडच्या सीमेवरील वाड्यांमध्ये पाहिले आहे. अशा मुलीची पंधराव्या-सोळाव्या वर्षीची बाळंतपणे, तिचा वाढलेला रक्तदाब आणि कमी वजनाचे बाळ यांची नोंद माझ्याच रजिस्टरमध्ये व्हायची. लग्न झाले म्हणून तिच्या शरीराला ते झेपते असे होत नाही.

हे शिक्षण आपल्या संस्कृतीत बसत नाही, असे २००७ मध्ये किशोरावस्था शिक्षणाचा अभ्यासक्रम राज्यात थांबवला गेला तेव्हाही म्हटले गेले होते. त्यावर मला दापोली तालुक्यातील मुरूडची आठवण करून द्यावीशी वाटते. रघुनाथ धोंडो कर्वे मूळचे त्या गावचे. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, आणि लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखानाही त्याच वर्षीचा आहे. या कामापायी कर्व्यांनी गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गमावली, १९२७ पासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि अश्लीलतेचे खटले सोसले. त्यांतल्या एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले होते. मुरूडच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी मराठीत मांडलेला विषय आज किनाऱ्यावरच्या शाळेत परका ठरावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शाळेला विचारण्याच्या गोष्टी फार नाहीत. शिकवणारी व्यक्ती वर्षभर मुलांच्या समोर असणारी आहे का, की एकदाच येऊन जाणार आहे? मुलग्यांनाही हेच शिकवणार आहेत का? काही तास वेगवेगळे घेतले तरी चालतील, परंतु संमती म्हणजे काय आणि नकाराचा मान कसा राखायचा हे मुलग्यांना न शिकवता सगळी खबरदारी मुलींवरच टाकणे मला अन्यायाचे वाटते. तासानंतर एखादे मूल काही सांगायला आले तर शाळा पुढे काय करणार, हे मात्र नीट विचारून घ्या. १०९८ हा बालकांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक वर्गात लावलेला असावा. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातील ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये किशोरवयीनांसाठी समुपदेशन मिळते, त्याची माहिती शिक्षकांना असावी.

सही झाल्यावर मुलीशी एकदा आपण स्वतः बोला, आजीवर सोडू नका. ‘कोणीही, अगदी घरातल्या माणसाने, नको तसा हात लावला किंवा पाळी चुकली तर मला सांग, मी तुझ्यावर रागावणार नाही,’ एवढे एक वाक्य बापाच्या तोंडून फोनवर ऐकले तरी पुरे आहे. आणि मुख्याध्यापकांना सुचवा की पालकांसाठीची बैठक जुलैत न ठेवता गणपतीत, गौरीविसर्जनाच्या आधी ठेवावी. त्या दिवसांत आपल्यासारखे बहुतेक चाकरमानी वडील गावात असतात, आणि माझ्या २९ वर्षांत या विषयावरच्या एकाही सभेला मी वडील आलेले पाहिले नाहीत.