एसएसडी मेली नाही हो ताई, सेटअपला दिसत नाहीये

प्रश्न : नमस्कार दादा, मी भांडुपला राहते. मुलाच्या लॅपटॉपमधली जागा संपली म्हणून गेल्या शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरनं ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (वेगवान प्रकारची, डेटा साठवायची डिस्क) आणली, भाच्याने घरीच बसवली. लॅपटॉप इंटेल १२ व्या जनरेशनचा आहे. पेनड्राइव्हवरनं विंडोज ११ टाकायला गेलो तर कुठे इन्स्टॉल करायचं त्या पानावर यादीच रिकामी! दुकानदार म्हणतो सील फोडलंत, परत घेणार नाही. भाचा म्हणतो मेलेलीच दिली. जुनी परत लावली की लॅपटॉप मस्त चालतो. पैसे गेले का?

उत्तर : नाही गेले, बहुतेक. ताई, दुकानदाराशी भांडण दोन दिवस पुढे ढकला आणि आधी एकच बघा. नवीन एसएसडी लावून लॅपटॉप चालू करताना एफ टू दाबत राहा (काही कंपन्यांत दुसरं बटण असतं), बायोस (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची सेटिंग) उघडेल, तिथे एसएसडीचं नाव दिसतंय का? दिसलं तर ती जिवंत आहे. तिथेही नसेल तर काढून परत बसवा, स्क्रू नीट आवळा, आणि ती खरंच एनव्हीएमईच आहे का ते लेबलवर वाचा, कारण साटा या जुन्या जोडणीची एम डॉट टू (तशाच पट्टीच्या आकाराची) एसएसडी दिसायला तशीच असते पण निव्वळ एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये चालत नाही.

पण मला वाटतं दिसेल. कारण तुम्हीच लिहिलंय, १२ वी जनरेशन. इंटेलच्या ११ व्या जनरेशनपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाचा कंट्रोलर कंपनीतूनच चालू करून येतो, एसएसडी त्याच्या मागे बसते, आणि पेनड्राइव्हवरच्या विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर (तो ओळखायचं सॉफ्टवेअर) बऱ्याचदा नसतोच, मग समोर असलेली एसएसडी पण त्याला दिसत नाही. जुनीवर तो ड्रायव्हर आधीपासून टाकलेला, म्हणून ती बिनबोभाट चालते. भाचा इथेच फसला.

बरेच जण सांगतील बायोसमध्ये व्हीएमडी बंद करून टाका. होतं त्याने काम, पण तुम्ही जुनी-नवी आलटून पालटून लावताय, आणि व्हीएमडी बंद केल्यावर जुनी लावली तर तिच्यावरचं विंडोज चालू व्हायचं नाही, निळी स्क्रीन येईल आणि घरात परत गोंधळ. त्यापेक्षा जुनी लावून लॅपटॉप चालू करा, लॅपटॉप कंपनीच्या साइटवर तुमचा मॉडेल नंबर टाका आणि इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा. गोची अशी की तो बहुतेक एक्झी फाइल म्हणून येतो आणि सेटअपला तसा चालत नाही, त्याला आयएनएफ फाइल असलेलं उघडं फोल्डर लागतं, म्हणून ती फाइल आधी एक्स्ट्रॅक्ट करा, म्हणजे आतल्या फाइली उलगडून बाहेर काढा. ते फोल्डर त्याच पेनड्राइव्हवर टाका, मग नवीन एसएसडी लावून त्या रिकाम्या पानावर 'लोड ड्रायव्हर' दाबा, ब्राउझ करून फोल्डर दाखवा, व्हीएमडी लिहिलेला निवडा. यादीत ४७६ जीबीच्या आसपास दिसेल, ५१२ कुठे गेले म्हणून परत दुकानदाराला फोन नको, विंडोज १०२४ ने मोजतं म्हणून तसं दिसतं. त्यावर पार्टिशन वगैरे काही करू नका, सरळ नेक्स्ट. आणि यादीत पेनड्राइव्हसुद्धा दिसेल, भाच्याला सांगा त्याला हात लावू नकोस!

पहिल्या रीस्टार्टनंतर सेटअप परत पहिल्यापासून सुरू झालं तर घाबरू नका, पेनड्राइव्ह उपटा आणि परत चालू करा. पुढे वायफाय सापडलं नाही तर मोबाइल केबलने लावून यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाइलचं नेट लॅपटॉपला द्या. विंडोजची लायसन्स की विकत घ्यायची नाही, कंपनीतून विंडोज आलेलं असेल तर लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, नेट मिळालं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं, फक्त आधी विंडोज होम होतं तर होमच टाका.

आणि हो, जुनी शेवटची काढण्याआधी तिच्यावर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू आहे का बघा, असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की वहीत उतरवून ठेवा. नाहीतर उद्या यूएसबी केसमध्ये घालून मुलाचे फोटो काढायला जाल आणि ती कुलूप दाखवेल.