लिलावाचा माल वेळेत कसा पोचवायचा? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

आमचा जुन्या वस्तूंचा ऑनलाईन लिलाव रविवारी रात्री संपतो आणि सोमवार अख्खा लेबलं टाईप करण्यात जातो. धंदा वाढवायचाय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? (एक ताई, नौपाडा, ठाणे)

ताई, सॉफ्टवेअरचं नंतर बघू, आधी तुमच्या फोटोच्या टेबलाकडे बघा. कपड्याच्या दुकानात एकाच मापाचे शंभर टी-शर्ट असतात, एकदा वजन भरलं की झालं, तुमच्याकडे प्रत्येक नग वेगळा, आज पितळी समई तर उद्या भिंतीवरचं घड्याळ, म्हणून तुमचं ऑटोमेशन कुरियरवाल्यापाशी नाही, वस्तू फोटोला ठेवता तिथेच सुरू होतं. फोटो काढतानाच वजन करा, कुठल्या बॉक्समधे जाईल ते ठरवा, लॉट नंबरचा (लिलावातल्या त्या नगाच्या नंबरचा) बारकोड लावा आणि हे सगळं तेव्हाच लिस्टिंगमधे भरून टाका. बॉक्स पण पाच-सहा मापांचेच ठेवा, उगाच जास्त नकोत.

एवढं झालं की अनेक कुरियर कंपन्या एकाच ठिकाणी देणाऱ्या कुठल्याही शिपिंग अ‍ॅग्रीगेटरचा एपीआय (दोन सॉफ्टवेअर आपापसात जोडायची सोय) जोडा. पैसे जमा झाले की सिस्टीम पत्ता उचलते, त्या पिनकोडला कोण जातं आणि कितीला जातं ते बघते, एडब्ल्यूबी नंबर (पार्सलचा ट्रॅकिंग नंबर) घेते आणि थर्मल प्रिंटरवर चार बाय सहा इंचाचं लेबल निघतं. पण लेबल पैसे आल्यावरच, बोली जिंकल्यावर नाही! बोली लावून गायब होणारे असतातच, मग लेबलं रद्द करत बसावं लागतं.

ग्राहकाकडून घेतो त्यापेक्षा कुरियरचं बिल नेहमी जास्त येतं, असं का? (ऐरोली)

कारण तुम्ही काट्यावरचं वजन धरताय आणि कुरियर आकार धरतोय. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमधे गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचं. समजा काचेची हंडी आहे, वजन दीड किलो, पण बबल रॅपसकट बॉक्स 40 बाय 30 बाय 30 चा झाला, म्हणजे 36000 भागिले 5000, बिल लागणार 7.2 किलोचं. हा हिशोब लिस्टिंगलाच होऊ दे आणि शिपिंग चार्ज बोली सुरू व्हायच्या आधी दिसू दे. पॅक केलेल्या बॉक्सचा काट्यावर ठेवून, टेप लावून फोटो घ्या आणि लॉट नंबरला जोडून ठेवा, वजनाचा वाद निघाला की तोच कामाला येतो.

एकच जण तीन-चार लॉट जिंकतो आणि एकाच पार्सलमधे मागतो. हे सिस्टीमला कसं सांगायचं? (वाशी)

खरेदीदाराचा आयडी आणि पत्ता एकच असेल तर ऑर्डर दोन-तीन दिवस थांबवून एकत्र करायचा नियम टाका, बहुतेक सिस्टीममधे ही सोय असते. पण काच आणि पितळ एका बॉक्समधे जाणार नाही हा नियम त्याच्या वरचढ ठेवा, नाहीतर चार पैसे वाचवायला जाऊन वस्तू फुटेल. एक बघा, एकत्र केलेल्या मालाची किंमत 50,000 च्या वर गेली आणि राज्याबाहेर जात असेल तर साधारणपणे ई-वे बिल (जीएसटीखाली माल नेताना लागणारं ऑनलाईन कागदपत्र) लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे, तेव्हा सिस्टीमने इथे थांबून तुम्हाला विचारायलाच हवं.

परदेशातून बोली येतात, तेही ऑटोमॅटिक पाठवता येईल का? (घोडबंदर रोड)

येईल, पण इथे माणसाची नजर काढून टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, नाणी वगैरे खासगी माणसाला बाहेर पाठवता येत नाहीत, हस्तलिखितांना तर 75 वर्षांचीच मर्यादा आहे. लिस्टिंगमधे अंदाजे वयाचा रकाना सक्तीचा करा, वय जास्त किंवा रकाना रिकामा असेल तर परदेशी बोली बंद. बाकी आयईसी (आयात-निर्यात करणाऱ्याचा कोड) आणि एचएस कोड (कस्टमसाठी मालाच्या प्रकाराचा नंबर) लागतात. अमेरिकेत 29 ऑगस्ट 2025 पासून 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलची ड्युटी माफी बंद झालीय, तेव्हा ड्युटी कोण भरणार ते आधीच लिहा.

भिवंडीत गोदाम घेऊ का? (कोपरखैरणे)

आत्ता नको. तिथली फुलफिलमेंटवाली (माल साठवून, पॅक करून पाठवणारी) गोदामं एकसारख्या मालाच्या मोठ्या साठ्यावर चालतात, तुमच्या एकेका नगाला ती महाग पडतील. तुर्भे किंवा पावण्याला छोटा गाळा बघा, फोटो, काटा आणि पॅकिंग एकाच खोलीत ठेवा आणि पिकअप दुपारचाच ठरवा.