कायद्यात पीएच.डी. करायची असल्यास आधी प्रवेश परीक्षा द्यावी की आधी विषय ठरवावा?

एलएल.एम. झाल्यावर चार वर्षे वकिली केली असून आता पीएच.डी.साठी अर्ज करायचा आहे, तर सुरुवात परीक्षेपासून करावी की विषयापासून, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की विषय आधी.

पात्रतेचा भाग सरळ आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या नियमावलीनुसार पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के गुण लागतात आणि राखीव प्रवर्गांना 5 टक्क्यांची सवलत आहे. जून 2024 पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुणही पीएच.डी. प्रवेशासाठी धरले जातात. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली नसेल, तर ते एकच वर्ष चालतात आणि निवडीत त्यांना 70 टक्के व मुलाखतीला 30 टक्के भारांक असतो. या 30 टक्क्यांतच विषयाचा कस लागतो.

माझ्या पहिल्या संशोधन आराखड्याचे शीर्षक होते ‘सहकारी गृहनिर्माण संस्थांचे मालकी हक्क : एक चिकित्सक अभ्यास’. मुलाखत समितीतील एका प्राध्यापकांनी दुसरे पान उलटून शांतपणे विचारले, “यात तुमचा प्रश्न कोणता?” मला उत्तर देता आले नाही आणि ते वर्ष गेले. पुढच्या वर्षी मी मोफा कायद्याच्या, म्हणजे 1963 च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका कायद्याच्या, कलम 11 वरच थांबलो. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे विकासकाने मालकी हस्तांतरित केली नाही तर ती संस्थेच्या नावे करून घेण्याचा, अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याने (जिल्हा उपनिबंधकाने) जास्तीत जास्त सहा महिन्यांत निकाली काढावा असे हे कलम सांगते; तर एका जिल्ह्यात ती मुदत प्रत्यक्षात पाळली जाते का, आणि नसेल तर प्रकरण नेमके कोणत्या टप्प्यावर अडते, एवढेच मी विचारले. असा प्रश्न हाती असला की केवळ निवाडे वाचायचे की उपनिबंधक कार्यालयातील आदेशही तपासायचे, म्हणजे संशोधन डॉक्ट्रिनल की नॉन-डॉक्ट्रिनल, हेही आपोआप ठरते. वकील म्हणून आपल्याला जे प्रकरण वारंवार अडताना दिसते, तिथेच आपला विषय शोधावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

मार्गदर्शकांचे मात्र वेळीच पाहावे. एका वेळी प्राध्यापकांना आठ, सहयोगी प्राध्यापकांना सहा आणि सहायक प्राध्यापकांना चारच विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे उत्तम विषय असूनही जागा नसल्याने अर्ज मागे पडू शकतो. विद्यापीठाने जाहीर केलेल्या रिक्त जागा पाहून, आपल्या विषयावर ज्यांनी लिहिले आहे अशा दोन-तीन मार्गदर्शकांना पूर्ण आराखड्याऐवजी दोन पानांचे टिपण पाठवावे आणि त्यात पहिल्याच परिच्छेदात आपला प्रश्न लिहावा.