पोलीस दारात आले, आता लेआऊटमध्ये तोंड कसं दाखवू?

‘शेजाऱ्याने पोलिसात तक्रार दिली. आता काय होईल, आणि आम्हीपण द्यायची का?’ मी नागपुरात समुपदेशन करते. हा प्रश्न घेऊन लोक माझ्याकडे बहुतेक एप्रिल-मे महिन्यांत येतात. खरं तर हा प्रश्न वकिलाला विचारायचा. पण वकील कलमं सांगतो, आणि कलमं कळली तरी रात्री झोप लागत नाही, म्हणून ते माझ्याकडे येतात. मागच्या उन्हाळ्यातल्या अशा एका ताईंबद्दल लिहिते. त्यांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मानेवाड्याच्या पुढे एका लेआऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, त्यांचं घर. दोन घरांमध्ये जेमतेम तीन-साडेतीन फुटांची मोकळी पट्टी. वीस वर्षांचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो: पहाटे ग्राउंड, रात्री दोनपर्यंत अभ्यास. त्याच्या खोलीच्या खिडकीत लोखंडी कूलर, आणि कूलरचं तोंड पाठीमागून बरोबर शेजारच्या काकांच्या बेडरूमकडे. काका निवृत्त, काकू आजारी. काकांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडले. मुलगा म्हणाला, ‘तुम्हाले जे करायचं ते करा.’ काकांनी ११२ लावला. बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचे पोलीस, मोटारसायकलवर आले, आठ-दहा घरांचे दिवे लागले, कुणीतरी मोबाईलवर चित्रण करून ते लेआऊटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी काका ठाण्यात गेले आणि शिवीगाळ व धमकीची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवून आले.

ताई खुर्चीवर बसल्या आणि पहिलंच वाक्य, ‘मॅडम, माह्या पोराचं आता काय होईल?’ पण त्यांनी पुढे जे सांगितलं त्यात पोरगा कमी होता. त्या आता पहाटे पाचच्या आत सडा टाकून घेत, म्हणजे समोरच्या वहिनी दिसायला नको. भाजीचा ठेला आला की इतर बायका जाईपर्यंत पडद्याआड उभ्या. घरासमोर मोटारसायकल थांबली की छातीत धडधड. स्वयंपाक करताना त्या मनातल्या मनात काकांशी भांडत असायच्या, आणि प्रत्येक भांडणात जिंकायच्या.

लहान वस्तीतल्या तक्रारीचं हे खास दुखणं आहे. मोठ्या फ्लॅट स्कीममध्ये चौथ्या मजल्यावर पोलीस आले तर आठव्या मजल्याला पत्ता नसतो. वीस-तीस घरांच्या लेआऊटमध्ये मात्र एकाच गणपतीची वर्गणी, एकच दूधवाला, एकच ग्रुप. तिथे पोलिसांच्या कागदाची भीती आणि लोकांच्या नजरेची भीती एकमेकींत इतक्या गुंततात, की माणसाला वाटतं दोन्ही एकच आहेत. त्या आधी सुट्या कराव्या लागतात. म्हणून मी पहिल्या भेटीत फक्त कागदाबद्दल बोलले.

अदखलपात्र म्हणजे पोलिसांना थेट कारवाई करता येत नाही असा गुन्हा. पूर्वी लोक जुन्या दंडसंहितेची कलमं म्हणून ‘५०४, ५०६’ म्हणायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्याची कलमं ३५२ आणि ३५१ झाली आहेत. अशा नोंदीवर पोलिसांना दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही, वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही. एफआयआर वेगळा; तो दखलपात्र गुन्ह्याचा, त्यात पोलीस थेट तपास करू शकतात. बहुतेक वेळा पोलीस तक्रारदाराला एनसीची प्रत देऊन कोर्टात दाद मागायला सांगतात आणि दोन्ही बाजूंना बोलावून समज देतात. एरवी एखाद्या प्रकरणात साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल, तर बाईला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला किंवा साठीपुढच्या पुरुषाला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. हे ऐकल्यावर ताईंचे खांदे थोडे खाली आले. तरी मी त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पाठवलं. बायकांना तिथे मोफत कायदेशीर सल्ला मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि माझ्या तोंडून ऐकलेलं वकिलाकडून पक्कं करून घेणं केव्हाही चांगलं.

मुलाच्या भरतीचं काय? निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते, त्यासाठी भरायच्या साक्षांकन नमुन्यात (फॉर्ममध्ये) प्रश्न विचारलेले असतात. तिथे जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्यायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात हेच मांडलं की उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, आणि किरकोळ प्रकरण असेल तर नेमणूक करणाऱ्याने परिस्थिती पाहून विचार करावा. बहुतेक मुलांचं नुकसान मुळातल्या भांडणाने कमी आणि लपवाछपवीने जास्त होतं. ताईंच्या घरात नेमकी लपवण्याची तयारी सुरू होती. ओळखीचा कुणी ‘नाव काढून देतो’ म्हणत होता. त्याला पैसे देऊ नका, एवढंच मी स्पष्ट शब्दांत सांगितलं.

दुसऱ्या भेटीला ताईंबरोबर त्यांचे मिस्टर आले. शांत गृहस्थ, पण त्यांच्यामागे एक तापलेला भाऊ होता आणि त्याचाच सल्ला ते घेऊन आले होते. ‘त्यानं एक देल्ली, आपण दोन देऊ. काहून नाही द्यायची? म्हातारा काय कमी बोलला का आम्हाले?’

कमी बोलला नसेलच. पण परस्परविरोधी तक्रारी झाल्या की ठाण्याच्या दृष्टीने प्रश्न कूलरचा राहत नाही, शांतताभंगाचा होतो. मग दोन्ही पार्ट्यांवर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेण्याची कारवाई. जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली शांतता राखण्याचं बंधपत्र एक वर्षापर्यंतचं घेता येतं. नागपुरात पोलीस आयुक्तालय असल्यामुळे त्याच्या तारखा सहायक पोलीस आयुक्तांपुढे चालतात. म्हणजे आजारी बायकोला घरी ठेवून काका तारखेला, आणि ग्राउंड सोडून पोरगा तारखेला, आणि दोघं एकाच बाकावर. बीट मार्शलला दोष देण्यात अर्थ नसतो; त्यांना तुमच्या कूलरमध्ये रस नाही, रात्री गर्दी पांगली की त्यांचं काम झालं. पोलीस भांडण थांबवतात. मिटवण्याची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवली की निराशाच पदरी येते.

ग्रुपवर एक अक्षर लिहायचं नाही, हेही त्याच दिवशी ठरलं. सफाई नाही, टोमणा नाही, सुविचारसुद्धा नाही. आपल्याकडे भांडणानंतरचा सुविचार हा टोमणाच असतो.

मग मी ताईंना एक वही करायला सांगितली. तारीख, वेळ, काय झालं. विशेषणं नकोत. ‘म्हाताऱ्याने मुद्दाम दार आपटलं’ असं लिहायचं नाही; ‘रात्री १२.४० ला शेजारचं दार जोरात लागलं’ असं लिहायचं. ही वही पुढेमागे ठाण्यात दाखवायला उपयोगी पडतेच, पण मला ती वेगळ्याच कारणासाठी हवी असते. विशेषणं काढली की बऱ्याचदा समोरच्याचा दिनक्रम दिसायला लागतो. ताईंच्या वहीत आठवडाभरातच ते दिसलं. काकांच्या घरातला दिवा रात्री साधारण साडेबाराला, अडीचला आणि चारला लागत होता. रोज.

‘काकूंना नेमकं काय झालंय?’ मी विचारलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, एवढं ताईंना माहीत होतं. कधी? आठवून सांगितलं, दिवाळीनंतर. तुम्ही भेटायला गेलात? नाही. ग्रुपवर ‘लवकर बऱ्या व्हा’ लिहिलं होतं, हात जोडलेल्या चित्रासह. माणूस रात्रीतून तीनदा बायकोला उठवून बसवतो, आणि मधल्या वेळात त्याच्या खिडकीशी पंखा घरघरतो. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ती दिलेली आहे. तीन फुटांवरचा लोखंडी कूलर त्यात बसत नाही, हे कळायला यंत्र लागत नाही. आणि दुसरी गोष्ट तर ताईंनी कधी पाहिलीच नव्हती, कारण ती त्यांच्या बाजूने दिसत नव्हती. कूलरचं पाणी काकांच्या पट्टीत झिरपत होतं. तिथे शेवाळ झालं होतं. काकूंना वॉकर घेऊन मागच्या नहाणीकडे तिथूनच जावं लागे.

मी काही काकांची बाजू घेत नव्हते. ४५ अंशांच्या नागपुरात कूलर बंद करा, असं कुणाला सांगणं म्हणजे चेष्टा. शिवाय आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या माणसानेही रात्री अकराला भिंतीवरून आई-बहिणीवरून बोलू नये. पण मुलाच्या तोंडच्या एका वाक्यावर एनसी झाली असं जे घरात सगळे धरून बसले होते, ते खरं नव्हतं. एनसी कित्येक महिन्यांच्या अपुऱ्या झोपेवर झाली होती.

बोलायला कोण जाणार, हा पुढचा पेच. खेड्यात निदान तंटामुक्त गाव समिती आहे. महात्मा गांधींच्या नावाची ती मोहीम राज्याने २००७ मध्ये सुरू केली. शहरातल्या लेआऊटला असं काही नाही, म्हणून लोक नगरसेवकाकडे धावतात. ते मी टाळायला सांगते. नगरसेवक आला की दोन्ही घरं आपापली मतं मोजायला लागतात. ताईंच्या लेआऊटमध्ये एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, गणपतीचा हिशेब त्यांच्याकडे असायचा आणि त्यावर कधी कुणी शंका घेतली नव्हती. हिशेबावर विश्वास असलेली व्यक्ती मला मध्यस्थीसाठी सगळ्यात बरी वाटते. त्या तयार झाल्या.

पहिलं वाक्य आम्ही घोकून घेतलं. ‘तक्रार मागे घ्या’ हा विषय पहिल्या भेटीत काढायचाच नाही. सुरुवात पाण्यापासून. मुलगा सोबत, पण त्याने बोलायचं नाही. बोललाच तर ‘काका, त्या दिवशी मी चुकलो’ एवढंच, पुढे ‘पण’ लावायचा नाही. ‘पण’वर तो फार अडला. वीस वर्षांच्या पोराला ‘पण’ गिळायला लावणं हे सगळ्या समुपदेशनातलं अवघड काम असेल.

मुख्याध्यापिका बाईंच्या घरी बैठक झाली. काका विरघळले वगैरे काही नाही. म्हणाले, ‘मले माफी नको, मले रात्री झोप पाह्यजे.’ मग बाईंनी साध्या कागदावर लिहून घेतलं: कूलरच्या टाकीला पाईप लावून पाणी ताईंच्या अंगणातल्या नालीत सोडायचं, स्टँडखाली रबर घालायचं, शेवाळ मुलाने घासून काढायचं, रात्री अकरानंतर पंखा कमी वेगावर, आणि पुन्हा काही झालं तर आधी बाईंना फोन, ११२ नंतर. दोघांच्या सह्या झाल्या आणि एक प्रत ठाण्यात दिली.

‘आधी फोन, मग ११२’ हा नियम या दोन घरांपुरता. कुणी अंगावर हात टाकला, बाई-मुलीची छेड काढली, जातीवरून शिवी दिली, काठी-चाकू दाखवला, तर शेजारधर्म आड आणू नका. तिथे थेट ११२ आणि एफआयआर. त्याची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची नोंद घेतली नाही तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस उपायुक्तांकडे पाठवता येते. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून मार खाऊन गप्प बसलेल्या बायकाही माझ्याकडे येतात, आणि त्यांना मी वही लिहायला सांगत नाही.

ताईंचं पुढे असं झालं की सड्याची वेळ हळूहळू सहावर आली. भाजीच्या ठेल्यावर समोरच्या वहिनींनी विषय काढला, तेव्हा ‘मिटलं आमचं’ इतकंच बोलून त्यांनी वांगी निवडली. काका मुलाशी अजून बोलत नाहीत आणि ताईंना त्याचं वाईट वाटतं. त्यावर माझं म्हणणं, न बोलण्याचा त्यांना हक्क आहे, तुम्ही काकूंना भेटून या. जूनमध्ये पाऊस लागला, कूलरवर ताडपत्री चढली आणि ताईंच्या भेटी थांबल्या. कागदावरचं कितपत पाळलं जातं ते मार्चमध्येच कळेल. खिडकी बदलून कूलर रस्त्याच्या बाजूला घेता येतो, फक्त स्टँड नव्याने वेल्ड करावा लागेल. ते काम फेब्रुवारीतच उरकून घ्या, असं मी त्यांच्या मिस्टरांना सांगून ठेवलंय.